घरात माणूस असलं की पाणी गोठत नाही

१२ डिसेंबर, गुरुवार

पोचलो एकदाचा. खाली रुसैलच्या कामगार कॅम्पात अकरा वर्षं एका खोलीत सहा जणांबरोबर काढली, आणि आज मला एकट्याला अख्खं घर! ही डायरी रशीदनं दिली. रशीद माझा मामेभाऊ, आमच्या वर्कशॉपचा स्टोअरकीपर. म्हणाला, मुजम्मिल, वर डोंगरात तुझ्याशी बोलायला कुत्रं पण नसेल, आणि तू भांडल्याशिवाय राहणारा नाहीस, तर या वहीशी भांड. म्हटलं, आण.

अर्बाब, म्हणजे आमचा अरब मालक, स्वतः गाडी चालवत घेऊन आला. जबल अख्दरच्या डोंगरावर साधी गाडी चढू देत नाहीत, खाली चौकीवरच अडवतात. वर येईपर्यंत माझ्या दोन्ही कानांना दडे बसले. घर दगडी आहे, अर्बाबच्या वडिलांच्या वेळचं. एक झोपायची खोली, एक मोठी मजलिस म्हणजे बैठकीची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. खाली डाळिंबांच्या तीन पायऱ्या आणि त्यांच्यापुढे सरळ दरी. गाव पायी अर्ध्या तासावर, तिथं मशीद आणि एक दुकान.

काम काय, तर पाइप सांभाळायचे. इथं थंडीत पारा शून्याखाली जातो, पाइपात पाणी गोठतं, फुगतं आणि पाइप फाटतो. मला हसूच आलं. ज्या मुलखात मे महिन्यात नळाच्या पाण्यात चहा उकळेल, तिथं मला बर्फापासून नळ वाचवायला ठेवलंय. अर्बाब हसला नाही. त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, घरात माणूस असलं की पाणी गोठत नाही. मागे एकदा आठवडाभर घर रिकामं राहिलं तर सगळी लाइन फुटली. बाकी काम कर नाहीतर नको करू, फक्त राहा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. माझी बायको हाफिजा आणि मुलगी आफरीन, दोघींचा व्हिजिट व्हिसा अर्बाबनं स्वतःहून काढलाय! मी मागितलाही नव्हता. पंधरा जानेवारीला येतील, फेब्रुवारीअखेरपर्यंत राहतील. आफरीन सहा वर्षांची झाली, तिच्या लेखी अब्बा म्हणजे मोबाइलचा एक भाग आहे. आता कळेल तिला की अब्बाला पाय पण असतात. अल्हम्दुलिल्लाह.

१४ डिसेंबर, शनिवार

माझ्याआधी इथं श्रीवर्धनचा कुणी मुस्तफा होता. त्याला कुणी प्लंबर म्हटलं असेल तर त्याचीच कमाल. बाहेरचे पाइप, जे खरोखर गोठणार, ते साफ उघडे! आणि झोपायच्या खोलीत भिंतीच्या कडेनं गुडघ्याएवढ्या उंचीवर जो सहा फुटांचा लोखंडी पाइप बाथरूमकडे जातो, त्याच्यावर या गृहस्थानं काय काय चढवलंय. फोम, गोणपाट, त्यावर पत्रा, त्यावर दोन रजया, आणि सगळं खिळ्यांनी भिंतीला ठोकलेलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी अर्ध्या तासात सगळं ओरबाडून काढलं आणि अंगणात ढीग घातला.

मग माझं काम. बाहेरचे पाइप पुसून कोरडे केले, फोमच्या नळ्या चिरून बसवल्या, चीर खाली ठेवून, म्हणजे पाऊस-दव आत जात नाही. कोपऱ्याच्या एल्बोवर डबल गुंडाळी, सगळीकडे टेप, वर प्लॅस्टिक. टाकीच्या तोंडाला पोती. बागेची लाइन रिकामी करून कॉक उघडा ठेवला. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडली, घरातली ऊब आत जायला. रात्री स्वयंपाकघरातला नळ थेंब-थेंब चालू ठेवायचा, कारण वाहतं पाणी लवकर गोठत नाही. हे मात्र जिवावर येतं. आमच्या आईनं टपकता नळ पाहिला तर आधी नळ बंद करायची आणि मग आमच्या पाठीत धपाटा घालायची, म्हणायची घरातली बरकत थेंबाथेंबानं जाते.

भिंत मोकळी झाली म्हणून खाट तिथं लावली. सकाळी खिडकीतून ऊन येतं.

१६ डिसेंबर, सोमवार

आज उणे तीन! अंगणातल्या बादलीत बोटभर जाडीचा बर्फ. आफरीनला फोटो पाठवला, तर तिनं विचारलं, यावर सरबत कुठलं घालणार. माझे सगळे पाइप सलामत. पहाटे फजरच्या नमाजाआधी वजूसाठी नळ सोडला तर पाणी कोमट. हाताला इतकं बरं वाटलं की दोनदा तोंड धुतलं.

गीझर बंद आहे, त्याला वायरच जोडलेली नाही. माझ्याकडे करोनातली टेंपरेचर गन आहे, खटका दाबला की आकडा दाखवते, कामात उपयोगी पडते. खोलीतल्या पाइपवर धरली, एकतीस. मी रशीदला फोन करून फुशारकी मारली की बघ माझं फोमचं काम. तो उंटावरचा शहाणा म्हणाला, फोम ऊब धरून ठेवतो, तयार करत नाही. खरं आहे ते. पण त्याच्या तोंडून ऐकायला नको होतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

सर्दी झालीय वाटतं. हाडात शिरलेली थंडी काही निघत नाही. दिवसभर उन्हात बसलो, चार चहा झाले, दोन स्वेटर घातले. बोटांची टोकं पांढरी पडतात आणि चोळली तरी लाल होत नाहीत.

पाइप चौतीस.

गंमत म्हणून गन स्वतःच्या कपाळावर धरली. पस्तीसला कमी. गन बिघडली म्हणून किटलीवर धरून बघितली, तिथं बरोबर दाखवते.

आणि नळाचं पाणी किंचित खारट लागतंय. टाकी तर पावसाच्या पाण्याची आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

आज छडा लावायचाच म्हणून टाकीपासून निघालो. टाकीशी पाइप चार डिग्री. भिंतीत शिरतो तिथं पाच. खोलीत आला की चौतीस, पस्तीस. बाथरूमच्या टोकाला पुन्हा कमी. मधे जोड नाही, वायर नाही, काही नाही. नुसता सरळ लोखंडी पाइप.

मग वीत-वीत अंतरावर गन धरत गेलो आणि आकडे भिंतीवर पेन्सिलनं लिहिले. एका जागी जास्त, मग कमी, मग पुन्हा जास्त. मागे सरून बघितलं. एक जागा माझ्या डोक्याची. एक पाठीची. एक पायांची. मी कुशीवर भिंतीकडे पाठ करून झोपतो, अगदी तसं.

वीस वर्षं हे काम करतोय. पाइपाला माणूस कुठं झोपतो ते कळत नाही. कळता कामा नये.

२३ डिसेंबर, सोमवार

काल खाट मजलिसमध्ये नेली. तिथं भिंतीत पाइप नाही, फरशीखालून जातो. सकाळी झोपायच्या खोलीतला पाइप थंडगार. मजलिसची फरशी खाटेखाली कोमट, माझ्या अंगाएवढ्या जागेत, बाकी सगळी बर्फ.

मी चौतीसच्याही खाली गेलोय.

दुपारी उन्हात बसून थोडा रडलो, खोटं कशाला लिहू. इथं कुणी बघायला नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

रशीदकडून मुस्तफाचा नंबर मिळवला. फोन त्याच्या बायकोनं, नूरबानूनं घेतला. म्हणाली, तो बोलत नाही. मागच्या मार्चमध्ये आला तेव्हापासून अंगणात उन्हात बसून असतो, दोन रजया घेऊन, घामाच्या धारा लागलेल्या असतात सगळ्यांना, आणि हा कुडकुडतो. श्रीवर्धनला, मे महिन्यात. सूर्य मावळला की लहान मुलासारखा ओरडतो.

मग तिनंच विचारलं, भाऊ, भिंतीवरचं तसंच ठेवलंय ना? मुस्तफा इथून फोनवर सांगायचा म्हणे, भिंत झाकली की बरं वाटतं, रात्री ओढत नाही तेवढं.

पाइप वाचवायला नव्हतं ते. पाइपापासून स्वतःला वाचवायला होतं! आणि मी शहाणा.

अंगणातला ढीग उचलायला गेलो. गोणपाट, रजया, सगळं दवानं भिजून गोठलेलं, फळीसारखं कडक. माझा सगळा फोम बाहेर लागलाय. तो काढून आणायला गेलो तर बोटांनी टेपचं टोक सापडेना.

२६ डिसेंबर, गुरुवार

काल घर सोडून गावातल्या मशिदीत राहिलो. तिथले एक म्हातारे बाबा सलाम करायला आले, माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. मग त्यांनी स्वतःची शाल काढून माझ्यावर टाकली आणि लांब जाऊन बसले.

सकाळी आलो तर बाहेरचा एल्बो फुटलेला, माझ्या डबल गुंडाळीसकट. अंगणभर बर्फ.

वाटलं, सुटलो. आता अर्बाब हाकलून देईल. फोन केला, सांगितलं.

तो रागावला नाही. शांतपणे म्हणाला, मी सांगितलं होतं, माणूस आत पाहिजे. मग म्हणाला, दरवर्षी असंच होतं, एक माणूस सगळ्या थंडीला पुरत नाही. म्हणून तर या वेळी तुझं कुटुंब बोलावलंय. तिघं असाल तर थंडी आरामात निघेल. बोकडं किती लागतील ते सांगावं तसं सांगत होता. लहान मुलाच्या अंगात ऊब जास्त असते, हेही म्हणाला. एअरपोर्टवरून तो स्वतः आणणार आहे त्यांना.

मी पळालो तरी तो त्यांना आणणार. रिकाम्या घरात आणून सोडणार.

एल्बो बदलला. दोन तास लागले, एरवी दहा मिनिटांचं काम. आत येऊन झोपलो. कुठं जाऊ?

२७ डिसेंबर, शुक्रवार

जुम्याच्या नमाजानंतर हाफिजाला फोन केला. म्हटलं, येऊ नका. ती म्हणाली, दरवर्षी तुमचं काहीतरी असतंच. घर चांगलं नाही म्हटलं. म्हणाली, अकरा वर्षं मी काय राजवाड्यात राहतेय का. पाइपाचं सांगितलं, सगळं, आकड्यांसकट. तिनं विचारलं, दारू प्यायला लागलात का? मग एकदम आवाज बदलून विचारलं, कोण आहे तिथं?

आणि मग डोक्यात आलं.

म्हटलं, आहे एक. बाई आहे. दोन वर्षं झाली.

अल्ला माफ कर. मला वाटलं, रडेल, शिव्या देईल, पोरीला घेऊन माहेरी दापोलीला जाईल, जन्मभर माझं तोंड बघणार नाही. पण दापोलीला ऊन आहे. आफरीन उन्हात खेळेल.

तिनं फोन ठेवला. मी भिंतीला टेकून खाली बसलो. माझं लग्न मोडलं आणि मला आनंद झाला, असा आनंद कधी कुणाला होऊ नये.

२९ डिसेंबर, रविवार

फोन नाही. मेसेज नाही. तिनं डीपीवरचा आमचा तिघांचा फोटो काढलाय.

बरं झालं. बरं झालं.

पेन धरवत नाही नीट. अंगठा वळत नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

रशीदचा फोन. तोंडाला येईल ते बोलला, माझ्या अम्मीपर्यंत पोचला. ऐकून घेतलं. बोल म्हटलं, अजून बोल.

मग म्हणाला, हाफिजानं तिकीट बदललंय. पंधराला नाही, तीनलाच येतेय. त्या बाईला झिंज्या धरून बाहेर काढते म्हणाली. पोरीला पण आणतेय, म्हणजे बापाला पोरीसमोर लाज वाटेल.

रशीद, तिला थांबव. रशीद, बाई नाही, खोटं होतं, कुणीच नाही —

तो म्हणाला, आता घाबरलास होय?

हाफिजाला चौदा फोन केले. नंबर ब्लॉक.

अर्बाबचा मेसेज. लवकर येतायत, मब्रूक, म्हणजे अभिनंदन, त्यानं लिहिलंय. शेवटी फूल.

२ जानेवारी, गुरुवार

पाइप कापायचा. करवत हातातून तीनदा पडली. चौथ्यांदा ती मनगटाला दोरीनं बांधली. करवतीचे दोन दात लागले पाइपाला. मग हात उचलेना. पाइप उबदार. गाल टेकावासा वाटतो. सगळ्या घरात तेवढीच एक ऊब आणि ती माझीच —

टेकला थोडा वेळ. थोडा वेळ म्हटलं आणि उठलो तेव्हा दुपार झाली होती.

उद्या गाडीला रस्त्यावर गाठायचं. आत येऊच द्यायचं नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

रस्त्यापर्यंत गेलोच नाही. डाळिंबाच्या दुसऱ्या पायरीवर गुडघे बसले. तिथून गाडी येताना दिसली. हात हलवला. अर्बाबनं पण हात हलवला.

त्यांना उतरवलं, सामान ठेवलं, निघून गेला. रविवारी येतो म्हणाला.

आफरीन धावत आली. अब्बा! मी हात मागे घेतले पण तिनं धरलाच. आणि सोडला. आईला म्हणाली, अब्बा गार आहे.

हाफिजा माझ्याकडे बघतही नव्हती. घर धुंडाळत होती. मजलिस, स्वयंपाकघर, कपाटं. मी मागोमाग. सांगत होतो, पण जीभ जड झालीय, शब्द चिकटतात, तिला वाटलं प्यायलोय. झोपायच्या खोलीत शिरली. खाट परत तिथंच, भिंतीला, मजलिसमधून मीच आणलेली. मी सकाळपासून तिच्यावर बसलोही नव्हतो. तिनं भिंतीकडच्या बाजूला गादीवर हात ठेवला.

गादी गरम. बाईमाणूस नुकतं उठून गेल्यासारखी.

कुठं लपवलीत, म्हणाली. ही जागा माझी आहे, म्हणाली. आफरीनला उचलून खाटेवर ठेवलं, भिंतीकडे. मला धक्का देऊन बाहेर काढलं. एवढासा धक्का, आणि मी पडलो.

आतून कडी.

दारावर डोकं आपटलं. हात उचलत नाहीत. आतून आफरीनचा आवाज — अम्मी, भिंत बघ किती छान — गरम —

४ जानेवारी, शनिवार. फजर

दाराला पाठ लावून बसलो होतो. भिंतीला म्हणत होतो, त्यांना सोड, मला घे. माझ्यात काय उरलंय म्हणा.

उजाडताना स्वयंपाकघरात नळ. टपकत होता त्याला वाफ. हात घातला. कळेना म्हणून गन धरली. चाळीस.

इतकं कधीच नव्हतं —

हाका मारल्या. तोंडातून नुसता आवाज येतो, शब्द नाही. म्हणून लिहितोय. लिहिता येतंय अजून. एक पान फाडून दाराखालून सरकवलं. लिहिलं, बाई नाही, कधीच नव्हती, भिंतीपासून लांब व्हा, पोरीला उन्हात ने.

हाफिजा बोलली. सावकाश. झोपेतल्यासारखी. तिचं नाव सांगा, मग कडी काढते.

दुसरं पान. नाव नाही, बाई नाही.

नाव सांगा.

तिसरं पान. नयना, लिहिलं. कुणी नाही अशी. पण लिहिलं. घे, मिळालं ना नाव, आता काढ कडी —

पान अर्धं आत गेलंय. अर्धं बाहेर. कुणी ओढत नाही.

रागावली असेल. रागावली की ती बोलत नाही, दोन-दोन दिवस बोलत नाही, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून असंच. राग आहे. अल्ला, रागच असू दे.

पण आफरीन तर रागावलेली नाही. आफरीन, ऊठ बाळा. खाली बघ, दाराशी कागद आहे. जोर नको लावूस. नुसतं टोक धर. इकडचं टोक मी धरलंय. तू तिकडून जरासं